मला पट्टी लागत न्हाय

सांगावं का नको, याचा आठ दिवस विचार केला बघा. शेवटी म्हटलं, आमच्या व्याह्यांनी सगळ्या नाशिकभर रंगवून सांगायच्या आधी आपणच आपल्या तोंडानं सांगून मोकळं व्हावं. पण एक अट. माझं चुकलं असं मी म्हणणार न्हाय. घडलं एवढंच म्हणणार.

मी निपाणीचा. तंबाखूची वखार आहे. घरात मराठी. बायको सुनंदा चिक्कोडीपलीकडच्या खेड्यातली, माहेरी पूर्ण कन्नड. आम्हा जैन मंडळींत अशा सोयरिकी होतातच, त्यात नवल काही न्हाय. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि सत्तावीस वर्षं मी सगळ्यांना एकच सांगत आलोय, की मला कन्नड येतं, पण मी बोलत न्हाय. कुणी कारण विचारलं तर 'आपलं तत्त्व आहे' म्हणतो. तत्त्व म्हटलं की माणसं पुढं विचारत न्हाईत.

खरं किती येतं? बाजारापुरतं. किती, नको, पाणी, ये, जा. भाजीवाली बाई मला हसत न्हाय, यापेक्षा जास्त भाषा लागते कशाला?

आता मुद्द्याचं. बारा वर्षांपूर्वी सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, ऐंशी वर्षांचा सोहळा झाला. इथल्याच एका शूटिंगवाल्यानं त्याची डीव्हीडी करून दिलती. अण्णा आता न्हाईत. त्यांचा आवाज असलेली तेवढी एकच वस्तू घरात, आणि ती कपाटात पडून. शेवटपर्यंत कुणी बघितलेली न्हाय. आपल्या घरच्या डीव्हीडी आपण बघतो होय?

आमच्या पल्लवीसाठी नाशिकचं स्थळ आलं, तेव्हा सुनंदाला वाटलं, पाव्हण्यांना अण्णा दाखवावेत. डिस्कचा काय भरवसा, म्हणून मी ती लॅपटॉपवर घेऊन पेनड्राईव्हवर उतरवायला बसलो. कॉपी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली एक चौकोन होता, 'फोर्स्ड सबटायटल'. पल्लवीनं समजावलं, "आप्पा, या डिस्कमध्ये मराठी चालू असताना खाली काही येत न्हाय. कुणी कन्नड बोललं की मराठी पट्टी आपोआप उमटते. इथं खूण न्हाय केली तर कॉपीत ती येणार न्हाय. करा खूण."

आपोआप? आमच्या घरात, आम्हाला न विचारता? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मला पट्टी लागत न्हाय. ज्याला भाषा येत न्हाय त्यानं पट्टी वाचावी. आणि खूण काढून टाकली. पल्लवीनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

पाव्हणे आले रविवारी दुपारी. मुलाचे आईवडील, दोघंही साधे, सरळ, शिक्षकी पेशातले. आदल्या दिवशी पल्लवीनं मला बजावलं होतं, की हा मुलगा तिच्या मनात आहे आणि त्या माणसांना फुशारकी अजिबात खपत न्हाय. आता पंचाईत अशी, की पल्लवीचा बायोडाटा मीच लिहिलेला. त्यात 'वडिलांना अवगत भाषा' यात चार नावं होती. कन्नड दुसऱ्या नंबरला.

पोहे झाले. टीव्हीला पेनड्राईव्ह लावला. अण्णा माईक घेऊन उभे राहिले आणि कन्नड सुरू झालं. लई भराभर. खाली पट्टी न्हाय. नाशिकचे पाव्हणे माझ्याकडं वळून म्हणाले, "काय म्हणतायत? तुम्हाला येतं ना, सांगा की आम्हाला."

सोयरीक अजून ठरायची होती. न्हाय म्हणून चालणार होतं का?

तेवढ्यात अण्णांच्या तोंडून 'नीरु' ऐकू आलं. पाणी! मला धीर आला. मी म्हणालो, "जुना दुष्काळ सांगतायत. गावच्या विहिरीला पाणी न्हवतं. माणसं रडकुंडीला आलती." आणि पडद्यावर अख्खा हॉल खो खो हसला.

विहीणबाईंनी विचारलं, हसतायत का मग? मी म्हटलं, पुढं पाणी लागलं, त्या आनंदात. त्यांनी मान डोलावली. बिचाऱ्या.

मग अण्णांनी हात केला आणि कॅमेरा थेट माझ्यावर आला. बारा वर्षांपूर्वीचा मी, फेटा बांधून पहिल्या रांगेत, गंभीर चेहऱ्यानं मान हलवतोय. आता काय करता? म्हटलं, "अण्णा म्हणतायत, गाळ काढायला हा जावई आधी विहिरीत उतरला." हॉल पुन्हा फुटला. एक म्हातारा तर डोळे पुसत होता.

"तुम्ही स्वतः उतरलात?"

"उतरलो की."

"किती खोल होती?"

"साठ फूट," मी म्हणालो. सांगताना मला स्वतःलाच अंगावर गार पाणी आल्यासारखं वाटलं, इतका मी त्यात शिरलो होतो.

पाव्हण्यांचा चेहरा आदरानं भरून आला. ते सुनंदाला म्हणाले, वहिनी, ती विहीर बघायला आवडेल आम्हाला. सुनंदा इतका वेळ दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला, रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं.

"अहो, मूळ डिस्क लावा," ती म्हणाली.

तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझा स्वभाव! म्हटलं, लाव. खुशाल लाव. माझं एक अक्षर चुकलं तर बायोडाट्यातून कन्नड मी स्वतःच्या हातानं खोडतो. जुना प्लेअर टीव्हीखालीच होता. डिस्क आत गेली. अण्णा पुन्हा उभे राहिले, आणि खाली शुद्ध मराठीत, ठळक पिवळ्या अक्षरांत पट्टी आली.

'हा मुलगी बघायला आला तेव्हा मी विचारलं, पाणी हवं का? यानं हो म्हणून मान हलवली.'

'मग विचारलं, मुलगी नापसंत आहे का? तेव्हाही यानं मान हलवली.'

नाशिकचे पाव्हणे चष्मा लावून वाचत होते. पल्लवीनं तोंडावर ओढणी घेतली होती.

'मी तिथंच ठरवलं, मुलगी यालाच द्यायची. काही न कळता हो म्हणणारा नवरा कुठं मिळतो?'

कॅमेरा माझ्यावर आला. पडद्यावर मी मान हलवली.

'पंधरा वर्षं झाली, याला कन्नड येत नाही. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला कुणी सांगू नका. माणूस सोन्यासारखा आहे, उगाच वाईट वाटेल.'

सुनंदाकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. तिला हे सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी सत्तावीस वर्षं तिच्यासमोर तत्त्व सांगत होतो.

पट्टीची शेवटची ओळ आली.

'आता मी बोलायचं थांबतो. बघा, पहिली टाळी तोच वाजवेल.'

अण्णा थांबले. आणि पहिल्या रांगेत मी फेटा सावरत उभा राहिलो, आणि दोन्ही हात वर करून, एकटाच, काय जोरात टाळ्या वाजवल्या म्हणता!