अळंबी आणि टाय

भोकरदनच्या मे महिन्यात गळ्यात टाय बांधणारा तो एकटाच. चिनी वैद्यकातल्या लाल अळंबीची पावडर तो डब्यांतून विकायचा. आम्ही तिला कुत्र्याची छत्री म्हणालो की सांगायचा, “हसा सर, पण गाठ बिलकुल विरघळते!” या अळंबीतली काही द्रव्यं प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत, गाठीच्या पेशी मारतात, असं मीही वाचलं होतं. पण बशी म्हणजे माणूस नव्हे.

माझ्या अक्काच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशनला घाबरून तिनं त्यालाच घरी बोलावलं. “भाऊ, मी पावडरच घेते. औरंगाबादला न्हाई जात.”

मी भांडायच्या तयारीत होतो. तो मात्र डब्याकडे बघत राहिला. मग त्यानं टाय सैल केला, कॉलरचं बटण काढलं. गळ्यावर सुपारीएवढी गाठ होती.

“सहा महिने झाले अक्का, रोज खाऊन राह्यलो. वाढलीच. तुम्ही जल्दी जा.”

अक्का म्हणाली, “मंग तुम्ही बी चला की संगं.”

“गळ्यावर टाके दिसले तर डबा कोण घेईल?” म्हणत त्यानं टाय बराबर वर सरकवला.