नाही म्हटल्यावरचे दोन तास

किस्से गोळा करायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. सोलापुरातल्या जुन्या टॉकीजच्या तिकीटखिडकीत बसलं, की ते आपोआप साचतात. त्यातून प्रेमाचा विनोदी पिक्चर लागला तर विचारूच नका! कथा ठरलेली. हिरो मुलीच्या मागं लागतो, ती नाही म्हणते, तो आणखी मागं लागतो, पब्लिक हसतं आणि शेवटी ती हो म्हणते.

आमचे डोअरकीपर गफूरभाई असे पिक्चर दारात उभं राहून बघायचे. एकदा मला म्हणाले, "ताई, लडकी तो शुरू मेंच ना बोली. फिर बाकी के दो घंटे ये क्या कर रहा है?"

मी म्हटलं, "प्रेम."

"अच्छा! मेरेकू लगा, तकलीफ."

*

एकदा कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण आला. दोन तिकिटं घेतली. मुलगी काही आली नाही. शेवटी एक मेसेज आला. त्यानं तो वाचला आणि फोन खिशात टाकला.

झाडलोट करणाऱ्या नरसव्वा पायरीवर टेकल्या होत्या. दुसरं तिकीट त्यांच्या हातात देत म्हणाला, "मावशी, आत एसी हाय. बसा जरा."

इंटरव्हलला नरसव्वा डोळे चोळत बाहेर आल्या. मी विचारलं, "तो पोरगा रडत होता का हो?"

"व्हय की. पन लई हळू."

"तिला परत फोन केला?"

"न्हाय. एकदा बी न्हाय."

असल्या पोरावर पिक्चर कोण काढणार!

*

आमचे मॅनेजर हिरेमठ साहेब अक्कलकोटकडचे. हसायची भारी हौस. एका पिक्चरमध्ये हिरो वेषांतर करून मुलीच्या कॉलेजबाहेर उभा राहतो. तेवढ्या सीनला साहेब ऑफिस सोडून आत जायचे आणि पोट धरून हसायचे.

त्याच दिवसांत त्यांची मुलगी क्लासच्या मागच्या गेटनं घरी यायला लागली. एक जण बाईकवरून तिच्या मागं फिरत होता. शेजाऱ्यांकडून कळलं, तेव्हा साहेब त्या पोराला जाऊन भेटले. तो घाबरलासुद्धा नाही. "अंकल, सुरुवातीला सगळ्याच नाही म्हणतात. तुमच्याच टॉकीजला बघितलंय की!"

साहेबांनी पोलिसांत तक्रार केली, ते प्रकरण थांबलं. मग त्यांनी मुलीला विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही हसाल असं वाटलं, अप्पा."

हे सांगताना साहेब माझ्या खिडकीपाशी उभे होते. चष्मा पुसत राहिले. त्यानंतर त्या सीनला ते कधी आत गेले नाहीत.

*

आणि परवाचा रविवार. इंटरव्हलला दिवे लागले आणि एक तरुण गुलाब घेऊन पुढच्या रांगेतल्या मुलीसमोर गुडघ्यावर बसला. त्याचे मित्र मोबाईलवर शूटिंग करत होते. ती मैत्रिणीबरोबर आली होती, हा तिच्या ऑफिसातला. अख्खा हॉल ओरडायला लागला, "हो म्हण! हो म्हण!"

ती उभी राहिली. "तुला ऑफिसात सांगितलंय. नाही."

तो लोकांकडं वळला. "मी हार मानणार नाही!"

टाळ्या. शिट्ट्या!

मधल्या रांगेतून डोक्यावर पदर घेतलेली करमाळ्याकडची एक म्हातारी उठली. मुलीपाशी गेली. "पोरी, घर कुटं हाय तुजं? चल, सोडते तुला."

तिच्या मागं तिची सून उठली. मग मागच्या रांगेतल्या दोघी. मग एक बाई कडेवर पोर घेऊन. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. घंटा वाजली तेव्हा आत नुसते पुरुष उरले होते.

तो तरुण गुलाब हातात घेऊन धावतच दारापाशी आला. "चाचा, ती कुठल्या बाजूला गेली?"

गफूरभाईंनी दार लावलं. आपली खुर्ची ओढून दारात आडवी टाकली आणि तिच्यावर बसले.

"बैठ बेटा," म्हणाले. "कुर्सी और एक है."