जमिनीवर ठेवलेला पेला

चासिब मुहैसिनला इराकमधल्या बसऱ्याच्या वीजकारखान्यात कोणी नावानं हाक मारत नसे. तो सगळ्यांचा अबू नवरस, म्हणजे नवरसचा बाप. बॉयलरवर तीस वर्षं काढलेली. हात चटक्यांनी इतके निबर झालेले, की चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उतरवायचा. बायको म्हणायची, "माणसाचे हात आहेत का सांडशी?"

सत्त्याऐंशी साली सरकारनं मोठी गंमत केली. भोंग्यावरून जाहीर केलं, की सरकारी कारखान्यांत आजपासून कामगार कोणी नाही, सगळे कर्मचारी. कामगारच नाहीत, मग युनियन हवी कशाला? चासिब घरी येऊन बायकोला म्हणाला, "उम्म नवरस, आजपासून तुझा नवरा साहेब झाला!"

"मग साहेबांचा डगला साहेबांनीच धुवावा," ती म्हणाली. "माझ्यानं ते ग्रीस निघत नाही."

हसण्यावारी गेलं ते तेवढंच. पुढच्याच महिन्यात त्याच्या मेहुण्यानं, शनशूलनं, कामाला हातमोजे मागितले आणि दोन वर्षं तुरुंगात काढली. तेव्हापासून सोळा वर्षं कारखान्यात युनियनचं नाव कोणी खोकल्याच्या आडूनही काढलं नाही.

मग दोन हजार तीनचं युद्ध झालं. जुनं सरकार पळालं, परकी फौज आली. लुटारू तांब्याच्या तारा उपटायला घुसले तेव्हा फौज पुलावर उभी राहून बघत होती. कारखाना राखला तो चासिब, शनशूल आणि त्यांच्या सोबत्यांनी, हातात लोखंडी पाने घेऊन. चिमणीतून पुन्हा धूर निघाला त्या दिवशीच त्यांनी ठरवलं, आता युनियन. तीही चिठ्ठ्या टाकून निवडलेली.

घोडं अडलं जागेपाशी. माणसं चारशे. फाटकाबाहेर जमलं की फौज हवेत गोळ्या झाडायची. आत मोठं जेवणघर होतं, पण त्याची किल्ली डायरेक्टर फालिह इंजिनिअरच्या खिशात.

"कायदा सत्त्याऐंशीचाच आहे, नवे साहेबही तोच चालवतात," फालिह म्हणाला. "तुम्ही कामगारच नाही, तर कामगारांची निवडणूक कसली?" वर त्यानं फळ्यावर कागदही लावला : गुरुवारपर्यंत निवडणूक झाली नाही, तर कमिटी आपण नेमू. कोणाची नेमणार हे सांगायला नकोच. जुन्या सरकारचेच खबरे, कान लावून बसणारे.

चासिब शनशूलला म्हणाला, "कचेरीत तो डायरेक्टर आहे. शुक्रवारी घरी तो यजमान असतो. घरीच जाऊ."

तिकडची रीत अशी, की मागणं घेऊन आलेला पाहुणा कहव्याचा, म्हणजे बिनसाखरेच्या कडू कॉफीचा, पहिला पेला न पिता पुढ्यात जमिनीवर ठेवतो. मग यजमानानं विचारायचं, काय हवं? पेला तसाच टाकून पाहुणा उठला, तर यजमानाच्या घराण्याची अब्रू गेली म्हणून समजा.

फालिहच्या घराण्याची बैठक बोरूंच्या कमानींची, लांबलचक. दोघे जाऊन पाहतात तो काय, फालिहच्या उजव्या हाताला परक्या फौजेचा कॅप्टन, शेजारी दुभाष्या. मानाचा पाहुणा म्हणून पहिला कहवा त्यालाच मिळाला. बिचाऱ्यानं एक घोट घेतला. कडुनिंबाचा काढा परवडला! तोंड वाकडं होऊ न देता त्यानं पेला अलगद चटईवर ठेवला.

फालिह गुडघ्यांवर उठला. "हुकूम करा, कॅप्टनसाहेब! काय हवं?"

दुभाष्यानं कानात सारं सांगितलं. कॅप्टन कानापर्यंत लाल झाला. इकडेतिकडे बघता बघता त्याला चासिब दिसला, रोज फाटकावर जेवणघरासाठी अर्ज घेऊन उभा राहणारा. "यांना ते जेवणघर द्या," तो म्हणाला.

"दिलं! तुमच्या शब्दाखातर दिलं!" फालिहनं किल्ली काढून कॅप्टनपुढे ठेवली.

शनशूलचा हात पुढे गेला. चासिबनं त्याचं मनगट धरलं, आणि नुकताच हाती आलेला आपला पेला न पिता खाली ठेवला.

"आता काय, अबू नवरस?" फालिह ओरडला. "दिली ना किल्ली!"

"त्यांना दिलीत, इंजिनिअरसाहेब. त्यांच्या शब्दानं युनियन झाली तर ती त्यांची होईल. आम्हाला आमची हवी."

"अरे गाढवा, किल्ली एकच आहे!"

"किल्ली एकच, पण मागणारे दोन."

"आणि तू कोण मागणारा?"

"कामगार," चासिब म्हणाला.

यांना कामगार म्हणणं काही फालिहच्या जिभेवर चढेना. कॅप्टननं गुपचूप किल्ली परत सरकवली. भात आला, भाजलेला मासा आला. चासिब आणि शनशूल जेवले नाहीत. पेला जमिनीवर असताना जेवतो कोण? शनशूल कुजबुजला, "भाऊजी, मासा माझ्याकडे बघतोय."

"तू बघू नकोस."

शेवटी फालिहचा म्हातारा चुलता काठी आपटून म्हणाला, "तुझ्या आजोबानं असा पेला बघून खुनाचं वैर सोडलं होतं, पोरा. तुला एक जेवणघर सोडवत नाही?"

फालिहनं किल्ली उचलली आणि चासिबपुढे ठेवली. "उचल पेला. कामगारांना दिली."

कहवा गारढोण झाला होता. चासिबनं तो एका दमात रिचवला, आणि किल्ली उचलायच्या आधी मासा संपवला.

गुरुवारी चिठ्ठ्या भाताच्या देगेत पडल्या. मध्येच जीपमधून कॅप्टन आला, आत बसून बघू का म्हणाला. चासिबनं भिंतीच्या सावलीत खुर्ची मांडली, दुप्पट साखरेचा चहा हातात दिला. "बसा. तुम्ही पाहुणे. आत आमचं काम चाललंय." आणि दार लावून घेतलं.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या निघाल्या शनशूलच्या नावाच्या. त्याच दुपारी त्यानं डायरेक्टरला पहिला अर्ज लिहिला. वर लिहिलं, ‘आम्ही कामगार’. खाली एकच मागणी : हातमोजे, चारशे जोड.