उलटं बसलेलं भिंग
सुती कापड जळल्याचा वास आला की मला चिंचोळीतला तो कारखाना आठवतो आणि जिवाला चैन पडत नाही. चादरीवर लेझरने नक्षी उठवायची होती, पण किरणाचा जोर मधोमधच एकवटायचा आणि कापडाला भोक पडायचं. तो जोर सगळीकडे सारखा पसरावा म्हणून मी नवं भिंग बसवलं, तरी भोकं पडतच राहिली. मशीनवरच्या मावशींवर मी ओरडले, “कापड नीट ताणा!” त्या म्हणाल्या, “ताणलंय की मॅडम. भिंग उलटं बसलंय का बगा.” खरंच उलटं होतं. फिरवल्यावर नक्षी सारखी उमटली. तेवढ्यात साहेबांनी काय बिघडलं होतं ते विचारलं. मी म्हणाले, “कापड सैल होतं.” मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आता नव्या मुलींना भिंगाची ही जुळणी मीच शिकवते. खरं अजून कुणालाच सांगितलेलं नाही.