न बसणारा फेस

सेटवर त्यांना सगळे फेसमामा म्हणत. सिनेमातली बिअर बनवणं हे त्यांचं काम. बत्तीस वर्षं त्यांनी ते केलं आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. जाळलेल्या साखरेचं पाणी, त्यात सोडा आणि वर अंड्याच्या पांढऱ्याचा घोटून घोटून केलेला फेस. खऱ्या बिअरचा फेस बघता बघता बसतो आणि इथे नुसते दिवे लावायलाच तासभर जातो, म्हणून फेस न बसणारा हवा. नायकाने दोन घोट घेतले की पुढच्या शॉटला ग्लास तेवढाच रिकामा हवा, तेही मामाच डोळ्यांत तेल घालून बघायचे. नायक दुःखात प्यायचा, मैत्रीत प्यायचा आणि पुढच्या दृश्यात गुळगुळीत दाढी करून कामाला निघायचा. मामांनी स्वतः कधी खऱ्या दारूचा थेंब चाखला नव्हता.

मुलगा लहान असताना ते त्याला सिनेमाला न्यायचे आणि पडद्याकडे बोट दाखवून हळूच सांगायचे, "तो फेस माझा." पोराला बापाचं कोण कौतुक!

पोरगा मोठा झाला, नोकरीला लागला आणि पिऊ लागला. आधी मित्रांबरोबर, मग एकटा, मग सकाळी उठल्या उठल्या. एकदा डोळे पिवळे होऊन दवाखान्यात पडला. तेव्हा खाटेशेजारी बसून मामांची बायको त्यांना म्हणाली, "तुमच्या ग्लासातलं कधी कुणाला चढलं नाही. घरात मात्र बरोबर चढलं." ती रागाने बोलली नव्हती, म्हणूनच ते मामांच्या मनातून गेलं नाही. आपण बत्तीस वर्षं विष देखणं करून दाखवलं, असं त्यांना वाटायचं.

दवाखान्यातून आल्यावर मुलाने कानाला खडा लावला. त्याला आठ महिने झाले होते, तेव्हा तो एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, आमच्या साहेबांचा निरोप समारंभ आहे. घरच्यांनाही बोलावलंय. तुमची बिअर कराल माझ्यासाठी?"

"सरबत घे की."

"सरबत बघितलं की विचारणार, का घेत नाहीस, एकानं काय होतंय. दहादा नाही म्हणेन मी. अकराव्यांदा घेईन. मला माझी खात्री नाही, बाबा."

मामांनी साखर जाळायला घेतली. कुठल्या नायकासाठी केली नव्हती इतकी ती बिअर त्यांनी जीव लावून केली. बायकोने चाखून पाहिली आणि म्हणाली, "गोड आहे. पण दिसायला हुबेहूब."

समारंभ दुपारी चारचा, एका हॉटेलात होता. मामा थर्मास घेऊन काउंटरच्या आडोशाला बसले आणि मुलाचा ग्लास गुपचूप भरून देत राहिले. कुणाला पत्ताही लागला नाही. पोरगा चारचौघांत उभा राहून हसत होता. किती दिवसांनी हसत होता.

मग फोटोसाठी हाक आली. थर्मास संपवून नुकताच भरलेला ग्लास मुलाने टेबलावर ठेवला. शेजारी एका सहकाऱ्याने आपलाही ठेवला, तोही ताजा. फोटो झाला, सहकारी पुढेच थांबला आणि साहेब बोलायला उभे राहिले. भाषण संपलं की सगळ्यांनी ग्लास उचलायचे होते.

मुलगा टेबलापाशी आला आणि थबकला. त्याने बापाकडे पाहिलं. मामा लगबगीने जवळ गेले.

"यातला आपला कुठला?"

तोच रंग, तीच पातळी, तोच फेस. मामांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काम ओळखता येईना. वासाने कळलं असतं, पण जळक्या साखरेच्या धुराने मामांचं नाक कधीच गेलं होतं. मुलगा मात्र वाकू लागला होता. मामांनी त्याचं मनगट धरलं.

"वास घेऊ नकोस. फेसाकडे बघ."

साहेब जुन्या आठवणी सांगत होते. या दोघांच्या कानात त्यातलं काही शिरत नव्हतं. हळूहळू डाव्या ग्लासातल्या फेसाला भोकं पडली, कडेने तो सुटला आणि खाली बसत गेला. उजव्या ग्लासातला तसाच राहिला. मामांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि मुलाकडे पाहिलं. तो डाव्या ग्लासाकडे बघत होता. त्याची नजर तिथून हलत नव्हती.

"चला, उचला ग्लास," साहेब म्हणाले.

मनगट धरून ठेवावं असं मामांना फार वाटलं. पण किती दिवस धरणार? त्यांनी हात सोडला.

मुलगा क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने उजवा ग्लास उचलला आणि मोठा घोट घेतला. वरच्या ओठावर पांढरी रेघ उमटली. मामांचे डोळे भरून आले. मुलाने ग्लास त्यांच्यासमोर धरला आणि हळूच म्हणाला, "हा फेस तुमचा."