शेवटच्या वाणाचा ओलावा

विश्वास पानिपतात गेला, तो काही परत आला नाही, असं अब्बांचं पक्कं मत होतं. आरमोरीच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान. गिऱ्हाइकानं तोंडी माप सांगितलं की त्यांचं डोकंच फिरायचं. "मागच्या महिन्यातच तर घेतलं होतं," असं कोणी म्हटलं तर गळ्यातला टेप काढत म्हणायचे, "तब का पेट तब गया. सीधे खड़े रहो." मी त्यांचीच पोर. भाजीवालीनं मेथीची जुडी दिली तर दोरा सोडून आतली बघते. नवरा म्हणाला जेवलो, तर डबा उघडून पाहते. यावरून घरात माझी टर उडवतात. उडवू देत.

हा स्वभाव घेऊन मी, दोन हजारच्या थोडं पुढच्या सालांत, धानाच्या चाचण्या करणाऱ्या एका लहानशा प्रकल्पात कंत्राटावर लागले. नागपुरात संख्याशास्त्र शिकून आले होते, त्याचा काहीतरी उपयोग व्हावा म्हणून. दोन खोल्यांचं ऑफिस, मागे बांध्या, म्हणजे धानाची बांधबंदिस्त शेतं, आणि आतल्या खोलीत फुलाफुलांच्या फडक्याखाली झाकलेला कॉम्प्युटर. लाइट दुपारी जायची आणि तिच्या मर्जीनं यायची.

काम सरळ होतं. आसपासच्या गावांतले धानाचे वाण एकाच जमिनीत पेरायचे, कापायचे, तोलायचे. चांगले ठरतील त्यांचं बियाणं पुढं वाढवायचं, नापास होतील त्यांचं ज्याचं त्याला परत. मात्र ओलं धान जड भरतं, कोरडं हलकं. म्हणून कापणीला प्रत्येक वाणाचा ओलावा मोजायचा आणि त्या हिशेबानं वजन दुरुस्त करायचं. ही दुरुस्ती कॉम्प्युटर करायचा.

शेतातलं सगळं बाई बघायची. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, जंगलाच्या काठच्या गावची. तिला सगळेच बाई म्हणत, मीही. माझ्या अगदी उलट माणूस. कंडक्टरनं सुटे नंतर देतो म्हटलं की ती उतरून मोकळी. मी चिडायची. ती म्हणायची, "देईन नं व तो. नाई देल्लं त काय जीव जाते?"

त्या वर्षी चाचणीत बाईच्या आईचं धान होतं. लालसर तांदळाचं, लवकर निसवणारं, कमी पाण्यावर येणारं. म्हातारी लग्न होऊन आली तेव्हा माहेरून पदरात बांधून आणलेलं. आजूबाजूला आता ते कोणी पेरत नव्हतं, आणि म्हातारीचंही अंग थकलेलं, म्हणून तिनं स्वतः यंदा पेरलं नाही. ढोलीत, म्हणजे घरच्या कणगीत, होतं तेवढं सगळं मुलीच्या हवाली केलं. चाचणीत पास झालं तर ते गावोगाव जाईल. नापास झालं तर म्हातारीसोबत संपेल. बाई हे कधी बोलून दाखवायची नाही, पण त्या बांधीपाशी आली की तिची चाल हळू व्हायची. मळणीच्या दिवशी तर लोंबी हातात घेऊन लहान पोरीसारखी हसत होती. "पाय, पाय कसं भरलं!"

आणि निकाल आला तेव्हा ते यादीत सगळ्यात खाली.

बाईनं कागद पाहिला आणि म्हणाली, "हाव का." बस्स. मी म्हटलं, अगं, तू डोळ्यांनी पाहिलंस ना भरलेलं? तर म्हणते, "मशीन कायले खोटं बोलन? त्याले काय भात खायचा हाय?" शनिवारी तिनं बांधीतून निघालेल्या सगळ्या बियाण्याची पिशवी, मागे दाणाही न ठेवता, काखेत मारली आणि बसनं घरी नेऊन दिली.

मला मात्र पाणी कुठंतरी मुरतंय असं वाटायला लागलं. पहिला आलेला वाण होता भारी, म्हणजे सगळ्यात उशिरा कापलेला, आणि तो नेमका एका बियाणेवाल्याचा. हा माणूस सफारी घालून साहेबांकडे, म्हणजे आमच्या प्रकल्पप्रमुखांकडे, यायचा आणि येताना संत्र्यांची टोपली आणायचा. आता टोपलीभर संत्री कोणी उगाच देतं का? साहेब तसे शांत, देवमाणूस म्हणावा असे, पण देवमाणूसच आधी तपासावा असं अब्बा म्हणत. मी काही ना काही निमित्त काढून त्यांच्या खोलीत जायला लागले. ते फोनवर बोलत असले की दाराशी चप्पल शोधत बसायची. ऐकू काय यायचं? लेकीच्या लग्नाच्या मांडवाची चौकशी. तरी माझा संशय जाईना. मांडवाचे पैसे कोण देतंय, हे डोक्यात सुरू.

मग ओलावा मोजायच्या यंत्रावर आले. थोडं धान भिजवलं, थोडं उन्हात कडक वाळवलं, दोन्ही त्यात घातली. यंत्र बिचारं खरं बोललं. मग एक अख्खी दुपार मी बाईवरही संशय घेतला. आईच्या धानाला झुकतं माप देऊ नये म्हणून उलट वजन कमीच तर लिहिलं नसेल? असली माणसं असतात. पण ती समोर बसून भाकरीचा तुकडा मला देत होती, आणि माझीच मला शिसारी आली.

उरला कॉम्प्युटर. त्यातला प्रोग्रॅम साहेबांच्या ओळखीच्या नागपूरच्या निवृत्त प्राध्यापकांनी सीडीवर पाठवलेला. आर नावाच्या, फुकटात मिळणाऱ्या भाषेत लिहिलेला. नाव एका अक्षराचं आणि वर फुकट, म्हणजे मला तिथंच शंका यायला हवी होती. पण त्या सीडीला ऑफिसात उदबत्ती ओवाळायचीच बाकी होती, म्हणून मीही गप्प होते.

मी कॅल्क्युलेटर घेतला आणि बाईच्या धानाची दुरुस्ती हातानं केली. उत्तर भलतंच जास्त. दुसरा वाण केला, तोही जुळेना. फक्त यादीतला शेवटचा, तो बियाणेवाल्याचा भारी, तेवढा दशांशापर्यंत जुळला. अरे वा! मग मी यादीचा क्रम बदलला. बाईचं कोरडं धान शेवटी टाकलं आणि पुन्हा चालवलं. क्रमांक तेच राहिले, पण सगळ्यांचं उत्पादन वाढलं! ज्यांच्या आकड्यांना मी बोटही लावलं नव्हतं त्यांचंही. म्हणजे शेवटी जो बसेल त्याचा ओलावा सगळ्यांच्या गळ्यात.

आता चोर सापडला होता, पण चोरी कशी झाली ते कळेना. प्रोग्रॅम प्रत्येक वाणासाठी एक छोटं फंक्शन तयार करायचा आणि त्याच्या हाती त्या वाणाचा ओलावा द्यायचा. सगळी फंक्शनं तयार झाली की मग एकेकाला वजन देऊन दुरुस्ती करून घ्यायचा. वाचायला सगळं चोख. या भाषेत मात्र एक सोय होती. फंक्शनला त्याच्या हाती खरोखर काय दिलं होतं ते, म्हणजे उत्तर न काढता, दिलेले शब्द जसेच्या तसे विचारता येतात. मी तसं विचारलं. वाटलं होतं, आकडा सांगेल. तर हातात आकडा नव्हताच. नुसती चिठ्ठी होती: 'चालू क्रमांकाच्या वाणाचा ओलावा.' दुसऱ्याच्या हातातही तीच, तिसऱ्याच्याही.

तेव्हा मी खुर्चीतच खदाखदा हसले. अब्बांच्या दुकानात असं समजा की, येणाऱ्या प्रत्येकाचं माप न घेता नुसती चिठ्ठी लिहून ठेवली: 'खुंटीवरच्या शर्टाचं माप.' गिऱ्हाईक आलं, शर्ट खुंटीला लावला, चिठ्ठी झाली, शर्ट घेऊन गेलं. दुसरं आलं, तिसरं आलं. कापायला बसले ते सगळ्यांच्या शेवटी, आणि खुंटीवर तेव्हा शेवटच्या गिऱ्हाइकाचा शर्ट. झालं! साऱ्या गावाला एकाच माणसाच्या मापाचे सदरे. ही भाषा आळशी आहे. गरज पडेपर्यंत ती बघतच नाही. खोटं बोलत नाही, फक्त उशिरा बघते.

आणि आमची यादी कशी लावलेली? कापणीच्या क्रमानं. आधी हलकं, म्हणजे लवकर येणारं धान, मग मध्यम, शेवटी भारी. इकडे यादी अशीच लावतात, दुसरी कोणी लावणारच नाही. शेवटचं भारी धान अवकाळीत भिजलेलं, यादीतलं सगळ्यात ओलं, आणि त्याचाच ओलावा साऱ्यांना लागला. सगळ्यांचं सारखंच पाणी कापलं गेल्यावर जे पाणी पिऊन जड झालं होतं ते वर आलं आणि बाईचं कोरडं खणखणीत धान तळाला गेलं. नागपूरच्या प्राध्यापकांकडे बहुधा सगळं एकसारखं वाळलेलं पीक यायचं. त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं.

मी फंक्शनच्या आत एक ओळ घातली: चिठ्ठी घेतलीस की तिथल्या तिथं माप बघ. चालवलं. बाईच्या आईचं धान पहिलं. हातानं दोनदा पडताळलं, दोन्हीदा पहिलं.

साहेबांना सांगितलं तर त्यांनी सगळं निमूट ऐकलं आणि म्हणाले, "आधी ते बियाणं परत आणा. बाकीचं मग पाहू." संत्री नुसती संत्रीच होती. कोणीच लबाड नव्हतं. इतके दिवस मी दाराशी चपला शोधत होते, त्या फुकट.

बाईला सांगितलं तर तिनं मला कडकडून मिठी मारली. दुसऱ्या दिवशी रविवार. ती दर रविवारी घरी जायचीच, आणि या रविवारी मला घेऊन येईन असं तिनं मागच्या शनिवारी, बियाणं द्यायला गेली तेव्हाच, आईला सांगून ठेवलं होतं. बसमध्ये मी विचारलं, "ढोलीत असेल ना गं?" बाई म्हणाली, "आई बियाणं खाईन? उपाशी राईन, पण बियाण्याले हात नाई लावन." हे खरंच होतं. त्या भागात बियाण्याचं धान खाणं म्हणजे पापच. "पण आल्याआल्या नको सांगू," ती म्हणाली. "आधी जेवू घालू दे तिले, मंग सांगू. तवा तिचं तोंड कसं खुलते ते पायजो."

म्हातारीनं आम्हाला हातपाय धुवायला पाणी दिलं आणि पाटावर बसवलं. सुक्या झिंग्यांचं कालवण, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात. भात लालसर होता, गोड, मऊ, आणि वाफेला असा वास की मी पहिल्याच घासाला म्हटलं, "माय, असा भात मी जन्मात खाल्ला नाही."

म्हातारी हसली. "खा माय, पोटभर खा. आखरीचा हाय."

बाईचा घास हातातच राहिला. "कोनता भात, आई?"

"तू आनून देल्लं तेच नाई का? रोज थोडं थोडं कांडलं. ही येनार म्हनून एवढं राखून ठेवलं होतं. आज सकाळीच ढेकीवर कांडलं."

"पण बियाणं कोनी खाते का व?"

"बियाणं कुठी राह्यलं ते, बाई?" म्हातारी साधेपणानं म्हणाली. "तूच त सांगितलं, नापास झालं. मंग ते धानच झालं. धान खात्तेत."

आणि मला असा राग आला, असा राग आला की काय सांगू! पण घेऊ कोणावर? जिच्यावर घ्यावा ती समोर वाढायला वाकलेली होती.

मग बाईची नजर माझ्या ताटाच्या कडेला गेली. पायानं कांडायच्या ढेकीच्या तांदळात दोनचार दाणे टरफलासकट राहतात. खाताना दाताखाली येऊ नयेत म्हणून आपण ते कडेला काढून ठेवतो. तसे मी काढले होते. बाईनं ते झडप घालून उचलले आणि तळहातावर घेतले. एकावर नख दाबलं. नख आत गेलं. शिजले होते.

म्हातारी आमच्याकडे बघत होती. "काऊन व? काय झालं?"

बाई मान वर करून माझ्याकडे पाहायला लागली. जिनं आयुष्यात कधी सुटे मोजून घेतले नाहीत, ती बाई. डोळे भरलेले, आणि आवाज अगदी बारीक.

"तुह्यं ते मशीन," ती म्हणाली, "एकदा चुकलं होतं. आताबी चुकलं असन, नाई?"

मी हातानं दोनदा पडताळलं होतं.

"असेल," मी म्हटलं. "त्याचा काय भरोसा."