बाबांचे तीन आकडे

माझ्या सासऱ्यांना कुठलीही गोष्ट नुसती 'चांगली' किंवा 'वाईट' म्हणता येत नसे. ते आकडे सांगत, तेही तीन. आयुष्यभर तेल कंपनीत जमिनीखालच्या साठ्यांची वर्गवारी केलेला हा माणूस निवृत्त होऊन सिडकोत राहायला आला, आणि इथे तेल नाही म्हणून त्याने आम्हाला धरलं.

पद्धत म्हणे जगभर एकच. पहिला आकडा, तेल काढणं लोकांना परवडतं-चालतं का. दुसरा, काढायची तयारी कितपत. तिसरा, खाली ते खरंच आहे याची खात्री किती. एक म्हणजे उत्तम, पुढे घसरण. "साठा फुगवून सांगायचा नाय. त्या भरवशावर आपण उधळतो आन् नातवंडं कोरडी बसतात," असं ते बजावत. महापालिकेने 'उद्या पाणी' म्हटलं की बाबा "तीन-तीन-चार" म्हणून बादल्या पालथ्या घालत. दुर्दैवाने ते कधी चुकले नाहीत.

त्यांच्या मुलीला, अनुराधाला, मागणी घालायला मी गेलो, तेव्हा घर सिल्लोडला असलं तरी माझी वाळूजला कंत्राटी नोकरी होती, राहायला मित्राची खोली होती आणि या लग्नावरून आईने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. बाबांनी तासभर प्रश्न विचारले, डायरीत लिहिलं आणि म्हणाले, "तीन-तीन-एक."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे प्रेम हाय, त्याची खात्री पटली. पण घरच्यांना चालत नाय, संसाराची तयारी नाय. वाईट वाटून घेऊ नका. समुद्राखाली असे लई साठे पडून हायेत."

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, तो जेवून जाणार का ते विचारा. का त्याचाही आकडा काढायचाय?"

साठ्यांचा फेरआढावा दरवर्षी घ्यायचा असतो. लोकांचे जावई दिवाळसणाला सासरी जातात, मी एकतीस मार्चला जायचो. आई राजी झाली, नोकरी कायम झाली आणि एक-दोन-एकवर आमचं लग्न लागलं. पुढची नऊ वर्षं मी त्या मधल्या दोनवर अडकलो. घर घेतलं, तर "गॅलरीला जाळी कुठंय?" जाळी लावली, तर "बघू पुढच्या वर्षी." तुम्ही हसाल, पण मला तो एक हवा होता. माझे वडील मी लहान असतानाच गेले. पाठीवर थाप देणारं दुसरं कुणी नव्हतं.

एकदा चिडून विचारलं, "तुमच्यात एक-एक-एकच्या वर काही असतं का हो?"

"तेल बाहेर आलं की त्याला वर्ग नसतो, जावईबापू. अंदाज न दिसणाऱ्याचा करायचा. बाहेर आलेलं वापरात असतं." मी जाळीकडे बघत बसलो.

शेवटचं वर्षभर बाबा अंथरुणावर होते. त्यांना उचलून न्हाणीघरात न्यायचं, आंघोळ घालायची, दाढी करायची, हे काम माझ्याकडे आपसूक आलं. दाढी करतानाही ते "डावीकडे राहिलंय" म्हणायचे. एकतीस मार्चला त्यांनी डायरी मागितली, काहीतरी लिहिलं आणि उशीखाली ठेवली.

"किती दिले?"

"घाई काय? बघाल."

वैशाखात ते गेले. तेराव्यानंतर मी डायरी उघडली. माझ्या नावापुढचे तिन्ही रकाने कोरे होते. इतक्या वर्षांचा राग उसळून आला. मग खालची वेडीवाकडी ओळ दिसली: 'अंदाजातून वगळले. वापरात आहे.'

"किती मिळाले?" अनुराधाने विचारलं. मी डायरी तिच्या हातात दिली.